कौक्षेयक, ग्रैवेयक आणि ग्रैव : गळ्यांत घालण्याच्या लहान सुरीचा विचार

(१) विषयप्रवेश

जुन्या वस्तूंच्या संग्रहांत तलवार, कट्यार, भाला यांस मानाची जागा मिळते. त्यांची लांबी मोजिली जाते, पात्यावरील अक्षरें वाचिलीं जातात, मुठीवरील सोन्यारुप्याच्या कामाचें वर्णन होतें. परंतु चार-सहा बोटें लांबीच्या, कडी बसविलेल्या आणि दोरींत ओंवून गळ्यांत घालावयाच्या ज्या लहान सुऱ्या असतात, त्यांची नोंद बहुधा एका ओळींत आटोपते. एका यादींत ती वस्तु 'दागिने' या सदराखालीं पडते, दुसरींत 'शस्त्रें' या सदराखालीं, आणि तिसरींत 'किरकोळ' या सर्वसंग्राहक सदरांत ती दिसेनाशी होते. कुजकी म्हणून दोरी फेकून देण्यांत येते, म्यान एका पेटींत व पातें दुसऱ्या पेटींत जातें, आणि मग ती वस्तु मुळांत काय होती हें सांगण्याचा पुरावाच उरत नाहीं.

गळ्यांत अडकविलेली सुरी हें शस्त्र, अवजार कीं अलंकार, हा प्रश्न वरवर पाहतां यादी करणाराच्या सोयीपुरता वाटतो. तो तसा नाहीं. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत याच प्रश्नावर कायदे झाले, माणसें तुरुंगांत गेलीं, आणि परदेशांतील वरिष्ठ न्यायालयांनीं निकालपत्रें लिहिलीं. त्या सर्व वादांत लांबीच्या मापावर फार भर देण्यांत आला. आमचें म्हणणें असें कीं, माप हें उपयोगी असलें तरी गौण होय. वस्तु शरीरावर कोठें व कशी धारण केली जात असे, हें मुख्य होय. हा विचार नवा नाहीं. आमच्या वैयाकरणांनीं तो एका लहानशा सूत्रांत करून ठेविला आहे. त्यापासूनच आरंभ करूं.

(२) शब्दांची साक्ष

पाणिनीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत (४.२.९६) कुल, कुक्षि आणि ग्रीवा या तीन शब्दांस एकच प्रत्यय सांगितला आहे; मात्र सिद्ध होणारा शब्द अनुक्रमें श्वान, असि आणि अलंकार यांचाच वाचक असला पाहिजे, अशी अट आहे. कुलांतील, म्हणजे घरीं पाळलेलें कुत्रें तें कौलेयक. कुशीस लटकणारी तलवार ती कौक्षेयक. मानेंतील दागिना तो ग्रैवेयक. या सूत्रावरील काशिकेंत पुढें जें सांगितलें आहे, तें आमच्या प्रस्तुत विषयास अधिक महत्त्वाचें आहे. कुशींत असलेली वस्तु तलवार नसेल तर ती केवळ 'कौक्ष', आणि मानेंत असलेली वस्तु अलंकार नसेल तर ती केवळ 'ग्रैव'.

येथें तीन कोटि स्पष्ट झाल्या. कमरेचें शस्त्र कौक्षेयक, गळ्याचा दागिना ग्रैवेयक, आणि गळ्यांत असूनहि जें दागिना नव्हे तें ग्रैव. गळ्यांतील सुरीविषयींचे बहुतेक घोटाळे ही तिसरी कोटि विसरल्यामुळें झाले आहेत, हें पुढें दिसून येईल.

तलवारीस स्थानावरून नांव मिळालें तसें मापावरूनहि मिळालें आहे. 'निस्त्रिंश' म्हणजे तीस अंगुळांच्या पलीकडे गेलेला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचें एक प्रकरण आहे. त्यांत पन्नास अंगुळांचा खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुळांचा कनिष्ठ मानला आहे. अंगुळ पाऊण इंचाचें धरलें तर कनिष्ठ खड्गहि सुमारें एकोणीस इंचांचा होतो. त्याहून आंखूड पात्यांस कोशकारांनीं वेगळ्या गटांत घातलें आहे. अमरसिंहानें शस्त्री, असिपुत्री, छुरिका आणि असिधेनुका हे शब्द एकत्र दिले आहेत. असिपुत्री म्हणजे तलवारीची लेक. आमची 'सुरी' ही छुरिकेचीच वंशज होय. 'चाकू' मात्र फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला.

'कृपाण' हा शब्द अमरानें खड्गाच्या नामावळींत घातला आहे, सुरीच्या नव्हे. त्याचें स्त्रीलिंगी रूप 'कृपाणी' मात्र कर्तरीचा, म्हणजे कातरीचा पर्याय म्हणून दिलें आहे. लिंग पालटतांच युद्धाचें साधन घरांतील अवजार झालें. व्युत्पत्तीचीहि अशीच गंमत आहे. आमच्या पंडितपरंपरेनें 'कृपेस दूर सारतो तो कृपाण' अशी फोड केली. पंजाबांतील शीख परंपरा 'कृपा' आणि 'आन', म्हणजे दया व प्रतिष्ठा, अशी फोड करिते. दोन्ही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरतात हा प्रश्न निराळा. एकाच शब्दांत एका समाजानें दयेचा अभाव वाचावा व दुसऱ्यानें दयेचा वास वाचावा, यावरून वस्तु तीच असतां तिचें धारण करणाराच्या मनांतील स्थान किती पालटतें, हें उघड होतें.

(३) सुरी कमरेस कां राहिली

आमच्या इकडील मूर्तींत व चित्रांत लहान शस्त्र शोधूं गेलें तर तें कमरेस सांपडतें. मध्ययुगीन शिल्पांतील वीरांच्या कटिबंधांत छुरिका खोंचलेली असते. मोगल व दक्षिणी चित्रांतील सरदारांच्या शेल्यांत कट्यार दिसते. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत शस्त्रांची किंमतींसह जी यादी दिली आहे, तींत जमधर, खंजर यांबरोबर कारद व चाकू यांचाहि समावेश आहे. म्हणजे लहान पात्यांस शस्त्रागारांत स्थान होतें. पण गळ्यांत तें घालण्याची चाल लढवय्यांत रुजली नाहीं.

याचें कारण व्यवहारांत आहे. गळ्यांतील दोरी म्हणजे शत्रूच्या हातीं दिलेला फांस होय. घोडा दौडत असतां छातीवर लोंबणारी वस्तु आपटते. चिलखतावर ती टिकत नाहीं, चिलखताखालीं ती हातास येत नाहीं. पातें वीतभर झालें कीं वांकतांना म्यानाचें टोंक पोटांत रुतते. उलट कमरेचा शेला शस्त्रास घट्ट धरितो व मूठ हाताच्या सहज टप्प्यांत राहते. मराठींत 'मानेवर सुरी ठेवणें' हा वाक्प्रचार जबरदस्तीचा वाचक आहे, तो उगाच नव्हे. गळा हें शस्त्राचें लक्ष्य, शस्त्राचें आसन नव्हे, अशीच आमची समजूत होती.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस दुसरेंहि एक लहान पातें परिचयाचें आहे. बोरू तासण्याचा चाकू कलमदानांत असे; दक्षिणेकडे ताडपत्रावर लिहिण्याची लोखंडी लेखणी आणि पानें नीट कापण्याची सुरी एकाच म्यानांत बसवून तें म्यान कमरेस खोंचीत. तींहि धारदार पातींच. पण कलमदानांतील चाकूस कोणी शस्त्र म्हटलें नाहीं. स्थानानें अर्थ ठरतो तो असा.

(४) गळ्यांत खरी सुरी वागविणारे लोक

म्हणून ज्या देशांत कामाची सुरी गळ्यांत घालण्याची चाल प्रत्यक्ष होती, तेथें तिची घडण कशी होती हें पाहणें अवश्य आहे. याचें ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांच्या प्रदेशांतील ओजिब्वे, ओडावा इत्यादि मूळ रहिवाशांचें होय. अठराव्या शतकांत तेथील पुरुष छातीवर सुरीचें म्यान बाळगीत. पातें बहुधा युरोपीय व्यापाऱ्यांनीं कातड्यांच्या बदल्यांत दिलेलें लोखंडी असे; म्यान मात्र घरचें. तें हरणाच्या कमावलेल्या व काळपट रंगविलेल्या कातड्याचें करीत, आणि त्यावर साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून त्यांची नक्षी भरीत. कडेस धातूचे बारीक शंकु व त्यांतून निघणारे तांबडे केसांचे झुबके लावीत. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं त्या काळीं अशीं म्यानें हौसेनें जमविलीं व तीं आज युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत आहेत.

या घडणींतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. पट्टा सुरीस नव्हे, म्यानास जोडलेला असतो. म्यान खोल असतें. पात्यासह मुठीचाहि कांहीं भाग आंत शिरतो, आणि कातड्याच्या पकडीनेंच सुरी धरली जाते. पट्टा रुंद असल्यानें मानेस कांचत नाहीं. नावेंत गुडघे मोडून बसणाऱ्या, जाड पांघरुणें अंगावर घेणाऱ्या व वारंवार शिकार सोलणाऱ्या माणसास कमरेपेक्षां छातीवरील सुरी अधिक सोयीची पडते. एका हातानें म्यान धरून दुसऱ्या हातानें ती ओढतां येते. ही वस्तु सुशोभित आहे खरी, पण ती शोभेसाठीं लटकावलेली नव्हे. पाणिनीच्या परिभाषेंत ती ग्रैव होय, ग्रैवेयक नव्हे.

दुसरें उदाहरण कोरियाचें. तेथें चोसन राजवटींत (१३९२–१९१०) 'जांगदो' नांवाची लहान म्यानबंद सुरी स्त्रीपुरुष दोघेहि बाळगीत. स्त्रिया ती अंगरख्याच्या छातीवरील बंदास, किंवा 'नोरिगे' नांवाच्या गोंड्यांच्या भूषणास अडकवीत. म्यान व मूठ रुप्याची, क्वचित् लांकडाची वा शिंगाची. ती कामासहि येई, आणि अब्रूवर बेतल्यास रक्षण करणारी म्हणून तिला प्रतिष्ठाहि होती. ती घडविण्याची कला कोरियाच्या सरकारनें १९७८ सालीं राष्ट्रीय वारसा म्हणून मान्य केली. येथें अलंकार, अवजार आणि शील यांची गांठ एका वस्तूंत पडलेली दिसते, व यादीच्या एका रकान्यांत ती बसत नाहीं.

(५) शस्त्राचा ताईत

आमच्या देशांत गळ्यांत शस्त्र आलें तें निराळ्या वाटेनें. कामाची सुरी म्हणून नव्हे, तर रक्षेचें चिन्ह म्हणून. तमिळ प्रांतांत लहान मुलांच्या गळ्यांत 'ऐम्पडैत्तालि' बांधण्याची प्राचीन रीत होती. ऐम्पडै म्हणजे पांच आयुधें : शंख, चक्र, गदा, शार्ङ्ग धनुष्य व नंदक खड्ग हीं विष्णूचीं पांच आयुधें सोन्यांत इवलीं घडवून बाळाच्या गळ्यांत घालीत. सिंहलद्वीपांतहि 'पंचायुध' या नांवानें हीच चाल आढळते. त्यांतील खड्ग बोटाच्या पेराहून लहान असतो व त्यास धार नसते. तो कांहीं कापीत नाहीं. ज्याच्या हातीं मूळ खड्ग आहे त्या देवाचें स्मरण तो बाळाच्या अंगावर ठेवितो.

उत्तरेकडे याच हेतूनें वाघाचीं नखें वापरीत. बाणभट्टानें हर्षचरितांत बालक हर्षाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत सोन्यांत मढविलेल्या व्याघ्रनखांची माळ त्याच्या गळ्यांत आहे. हें सातव्या शतकांतील. महाराष्ट्रांतील जुन्या घरांतूनहि सोन्यारुप्यांत जडविलेलीं वाघनखें मुलांच्या गळ्यांत असत. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाच्या अवयवांचा व्यापार निषिद्ध आहे, याचें भान संग्राहकांनीं ठेवावें.)

येथें शब्दाचा एक योगायोग फार बोधप्रद आहे. मुलाच्या गळ्यांतील तेंहि वाघनख, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगांत ज्याचें नांव येतें तें पोलादी शस्त्रहि वाघनखच. नांव एक, आकाराची कल्पना एक. पण एक गळ्यांत दिसावें म्हणून, आणि दुसरें मुठींत दिसूं नये म्हणून. पहिलें ग्रैवेयक, दुसरें तर कौक्षेयकहि नव्हे, तें तळहाताचें शस्त्र. लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील एक वाघनख महाराष्ट्र शासनाकडे तीन वर्षांकरितां उसनें येऊन जुलै २०२४ मध्ये सातारा येथील संग्रहालयांत मांडण्यांत आलें. तें शिवछत्रपतींचें असल्याचें विधान त्याच्या पेटीवरील मजकुरांत आहे. तें जेम्स ग्रँट डफ यास साताऱ्यास असतांना मिळालें, असें तोच मजकूर सांगतो. प्रत्यक्ष १६५९ त वापरलेलें तें हेंच, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंहि स्पष्ट केलें आहे. वस्तु आणि तिची पेटी हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत व दोहोंची परीक्षा स्वतंत्रपणें झाली पाहिजे, हा धडा आमच्यासारख्यांनीं त्यांतून घ्यावयाचा.

(६) कृपाण : कुशीकडून गळ्याकडे

आतां मुख्य उदाहरणाकडे येऊं. गुरु गोविंदसिंहांनीं १६९९ सालीं आनंदपूर येथें खालसा पंथाची स्थापना केली. पंथदीक्षा घेतलेल्या शिखानें जीं पांच चिन्हें धारण करावयाचीं, त्यांत कृपाण हें एक आहे. गुरूंचा शेवट १७०८ सालीं आमच्याच प्रांतांत, गोदावरीच्या कांठीं नांदेड येथें झाला. तेथील हुजूर साहेब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक असून, सध्यांची वास्तु महाराजा रणजितसिंहाच्या वेळीं १८३२ ते १८३७ या काळांत उभी राहिली. गुरूंचीं म्हणून मानलेलीं शस्त्रें तेथें भक्तिभावानें जतन केलीं आहेत. शस्त्र पूज्य कसें असतें हें पाहण्यास महाराष्ट्रीयास पंजाबांत जाण्याची गरज नाहीं. शिवाय आमची खंडेनवमीहि आहेच.

कृपाण धारण करण्याची रूढ रीत अशी कीं, 'गातरा' नांवाचा पट्टा उजव्या खांद्यावरून तिरपा घ्यावा व कृपाण डाव्या बाजूस, कमरेपाशीं यावी. म्हणजे आधार मानेजवळचा, पण शस्त्राचें आसन कुक्षीच. ती खरी कौक्षेयक होय. याशिवाय फारच लहान अशी कृपाण दोरींत ओंवून गळ्यांत घालण्याची, अथवा केसांतील कंगव्यास तिची प्रतिकृति जडविण्याची चालहि अनेकांत आहे. एवढ्यानें धर्माज्ञा पाळली जाते कीं नाहीं, याविषयीं शिखांतच मतभेद आहेत. १९४५ सालीं मान्य झालेल्या रहित मर्यादेंत कृपाण गातऱ्यांत ठेवण्याविषयीं सांगितलें आहे. तिची लांबी मात्र ठरवून दिलेली नाहीं.

शस्त्र आंखूड होण्यास इतिहासाची बाजू आहे. १८४९ त पंजाबचें राज्य इंग्रजांकडे गेलें. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरलें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत कृपाणीस त्या कायद्यांतून सूट देण्यांत आली. परंतु कृपाण म्हणजे केवढी, हें सरकारनें सांगितलें नाहीं. त्यामुळें १९२१–२२ च्या अकाली चळवळींत मोठाली कृपाण बाळगणारांवर ती तलवार आहे म्हणून खटले झाले. प्रजा म्हणे, नांव कृपाणीचें आहे. सरकार म्हणे, लांबी तलवारीची आहे. अमरकोशाच्या दृष्टीनें दोघेहि बरोबर होते, कारण त्यांत कृपाण म्हणजे तलवारच. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या भारतीय संविधानानें पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणांत कृपाण धारण करणें व जवळ बाळगणें हें शीख धर्माच्या आचरणांत अंतर्भूत मानलें, आणि भारतापुरता तो मूळ प्रश्न मिटविला. मापाचा प्रश्न मात्र उरला. विमानप्रवासासंबंधीं २०२२ सालीं निघालेल्या आदेशानें देशांतर्गत उड्डाणांत पातें सहा इंचांपर्यंत व एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत चालेल असें ठरलें. नऊ इंच म्हणजे बारा अंगुळें, अर्थात् एक वितस्ति, आमची वीत. सहा इंच म्हणजे आठ अंगुळें. वराहमिहिराच्या कनिष्ठ खड्गाच्या निम्म्याहूनहि तें कमी भरतें. नांव खड्गाचें राहिलें, माप छुरिकेचें झालें.

आतां गळ्याचा प्रश्न न्यायासनापुढें कसा आला तें पाहावें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत २००१ सालीं एका शीख विद्यार्थ्याची कृपाण शाळेच्या आवारांत वस्त्राखालून खालीं पडली. पुढें शाळामंडळानें असें सुचविलें कीं, मुलानें खरी कृपाण न घेतां गळ्यांतील पदकाच्या रूपाची, किंवा अपाय न होईल अशा पदार्थाची प्रतीकात्मक कृपाण घालावी. मुलाची व त्याच्या घरच्यांची श्रद्धा अशी कीं कृपाण धातूचीच असली पाहिजे. खालच्या न्यायालयानें मध्यम मार्ग काढिला होता : कृपाण कपड्यांच्या आंत असावी, म्यान लांकडाचें असावें, तें जाड कापडाच्या पिशवींत शिवून टाकावें व ती पिशवी गातऱ्यास शिवावी. मुलतानी खटला या नांवानें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि २ मार्च २००६ रोजीं सरसकट बंदी ही धर्मस्वातंत्र्याचा भंग करणारी आहे असा निकाल झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांतहि याआधीं, १९९० नंतरच्या दशकांत, बोथट व म्यानास शिवलेल्या आंखूड कृपाणीची तडजोड न्यायालयाच्या देखरेखीखालीं झाली होती.

या खटल्याचें मर्म पाणिनीच्या भाषेंत मांडतां येतें. शाळामंडळाची सूचना अशी होती कीं, कौक्षेयकाचें ग्रैवेयक करा म्हणजे वाद मिटला. मुलाचें उत्तर असें होतें कीं, मी दागिना मागत नाहीं. न्यायालयाच्या तडजोडींत शस्त्र राहिलें, त्याची झडप तेवढी शिवून टाकली गेली. गळ्यांत घालतांच वस्तूचा दागिना होतो, ही समजूतच मुळांत चुकीची होती. गळ्यांत कोणी मंगळसूत्र घालतो, कोणी तुळशीची माळ, कोणी क्रूस, कोणी लिंग. त्यांस दागिना म्हटलें तर धारण करणारास तें अपमानाचें वाटतें. हीं सर्व ग्रैव होत. गळ्यांतील लहान कृपाणहि याच कोटींतील. ती शत्रूवर चालावयाची नसते. ती धारण करणाराच्या स्वतःच्या वर्तनावर चालते. कृपा आणि आन ही फोड व्याकरणानें सिद्ध होवो वा न होवो, आचारानें ती सिद्ध झाली आहे.

(७) संग्राहकांस सूचना

वरील विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा म्हणून आम्ही परीक्षणाच्या कांहीं खुणा सुचवितों.

पहिली खूण कडीची. कडी किंवा दोरीचें छिद्र म्यानावर असेल, तर सुरी उपसून पुन्हां घालण्याची सोय होती, अर्थात् ती वापरावयाची होती. कडी मुठीच्या टोंकास असेल आणि सुरी उलटी लोंबत असेल, तर ती उपसण्याची कल्पनाच नव्हती. ती चिन्ह किंवा ताईत होय. कडी दोन्ही ठिकाणीं असेल, तर कोणती मूळची व कोणती मागाहून जोडलेली, हें डाकावरून व धातूच्या रंगावरून ताडून पाहावें.

दुसरी खूण झिजेची. सहाणेवर वारंवार लावलेलें पातें मध्यें निमुळतें होतें व धारेची रेषा आंत वळते, तें अवजार. पात्यास धार कधीं लावलीच नाहीं, पण कडीचा आंतला भाग दोरीनें घांसून पातळ झाला आहे, अशी वस्तु वर्षानुवर्षें गळ्यांत होती पण कामास आली नाहीं. दोन्ही झिजा एकत्र दिसल्यास ती जांगदोच्या जातीची, म्हणजे वागविलेली आणि वापरलेलीहि.

तिसरी खूण म्यानाची. म्यान सुरीस घट्ट धरितें कीं सैल आहे, मूठ आंत किती जाते, तोंडाशीं पातें सरकल्याच्या रेघा आहेत कीं नाहींत, हें भिंगाखालीं पाहावें. म्यान व पातें एकत्र भरीव ओतलेलें असेल तर तें पदकच. तेथें संशयास जागा नाहीं.

चौथी खूण आकाराची, व ती सर्वांत शेवटीं. लांबी व वजन अवश्य मोजावें, पण त्यावरून निर्णय देऊं नये. मुलाचें खेळणें म्हणून बाजूस ठेविलेली वस्तु कोणाच्या धर्माचें चिन्ह असूं शकते, आणि चिन्ह म्हणून पूजलेली वस्तु मूळची फळें सोलण्याची सुरी असूं शकते.

पांचवी सूचना दोरीविषयीं. जुनी दोरी, पट्टा, गोंडा, शिवलेली पिशवी, पेटीवरील चिठी यांपैकीं कांहींहि टाकून देऊं नये. हस्तलिखिताचें बासन व त्यावरील कोणाच्या हातच्या नोंदी आतां आपण जपूं लागलों आहों, कारण पोथी कोठून कोठें गेली हें त्यांवरून कळतें. सुरीची दोरी ही तशीच तिची पुष्पिका होय. पातें लोहाराचें नांव सांगेल. ती कोणाच्या अंगावर होती व कोणत्या भावनेनें होती, हें दोरीच सांगेल.

शेवटीं यादीच्या रकान्यांविषयीं. 'शस्त्रें' व 'दागिने' या दोहोंबरोबर 'ग्रैव' असा तिसरा रकाना संग्राहकांनीं उघडावा, अशी आमची विनंति आहे. महाराष्ट्रांतील घराण्यांत व देवस्थानांत अशा लहान वस्तु अद्याप असतील. त्यांचें वर्णन वरील खुणांसह, दोरी व म्यान यांच्या चित्रासह मंडळाकडे धाडल्यास या उपेक्षित विषयाचें एक स्वतंत्र टिपण तयार होऊं शकेल.